देवाचं जेवण लांबलं

मंडळी, ऐका. आख्यान लावायच्या आधी एक साधा प्रश्न विचारतो. उत्तर लगेच द्यायचं नाही, मनात धरून बसायचं. प्रश्न असा, की माणूस जी गोष्ट झाकून करतो, ती वाईटच असते का?

बघा, पुढच्या रांगेतल्या चार माना लगेच हलल्या. 'होय' म्हणून हलल्या. बरं. या चौघांना मी शेवटी परत विचारणार आहे. तोवर जागा बदलू नका. पखवाजवाले बुवा, तुम्ही पण मान हलवलीत, पण ती ठेक्यावर हलली असं धरून चालतो.

तर सोनवडी नावाचं गाव. नकाशात शोधू नका, आख्यानातलं गाव आहे. गावात सिद्धनाथाचं देऊळ, आणि देवळाचा गुरव दिगंबर. माणूस कसा? सरळ. इतका सरळ, की रस्ता वळला तरी हा सरळच जायचा, मग गटारात उतरायचा आणि वर येऊन म्हणायचा, रस्ता चुकीचा बांधलाय. घरात बायको सुमन आणि एकुलती एक लेक गिरिजा. आठवीत शिकणारी. रांगोळी अशी काढायची की बायका उंबऱ्यावरून उडी मारून जायच्या, पण तिच्यावर पाय द्यायच्या नाहीत.

आता या देवळाची एक रीत सांगतो, ती लक्षात ठेवा. दुपारी नैवेद्याचं ताट गाभाऱ्यात ठेवायचं, पडदा ओढायचा, आणि गुरवानं बाहेर उंबऱ्याशी देवाकडं पाठ करून उभं राहायचं. 'नाथ जेवतोय' अशी हाळी द्यायची. हाळी ऐकली की मंडपातल्या सगळ्यांनी पाठ फिरवायची. मग घंटा वाजवायची आणि पडदा सारायचा. घंटा न वाजवता पडदा सारायचा नाही. दिगंबरला त्याच्या बापानं लहानपणी कान धरून एवढंच शिकवलेलं. "पाठ फिरव, पण उंबरा सोडू नको."

तुम्ही म्हणाल, महाराज, देव खरंच जेवतो का? ताट तर भरलेलंच परत येतं. अहो, तुमच्या घरी पाहुणा ताटावर बसला आणि सगळं घर त्याच्या तोंडाकडं बघत उभं राहिलं, तर तो तरी घास गिळेल का? मग? देवाला तेवढी सवड नको?

नैवेद्य होईस्तोवर स्तोत्र म्हणायचं, हीसुद्धा रीत. दिगंबरचा बाप म्हणायचा तेव्हा माणसं कामं टाकून यायची. दिगंबरनं म्हणायला घेतलं तेव्हा मंडपातलं कुत्रं उठून बाहेर गेलं. गावानं विचार केला आणि खांबावर एक स्पीकर बसवला. वायर नाही, काही नाही, फोनला आपोआप जोडलेला. दिगंबरनं आपला फोन गाभाऱ्यातल्या कोनाड्यात ठेवायचा, त्यावर स्तोत्र लावायचं, आवाज मंडपात. कुत्रं परत आलं.

आणि गिरिजाला स्वतःचा फोन घेतला. का? शाळेचा अभ्यास फोनवर येतो म्हणून. आपल्याकडं सगळे फोन अभ्यासासाठीच घेतले जातात. मी आजवर दुसऱ्या कारणानं घेतलेला फोन बघितलेला नाही.

एक दिवस काय झालं, दिगंबर घरात आला तर गिरिजा झोपाळ्यावर फोन घेऊन बसलेली. बाप दिसल्यावर दचकली. दिगंबरनं वाकून बघितलं. काळा पडदा, आणि त्यावर एक टोपी आणि एक चष्मा. माणूस नाही. नुसती टोपी आणि चष्मा.

"हे कोण?"

"कोणी नाही, आबा."

"मग टोपी कुणाची?"

पोरीनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाली, "आबा, एक विचारू?"

"आधी फोन दे."

मंडळी, हे तीन शब्द ध्यानात ठेवा. आधी फोन दे. आपण सगळे हे म्हणतो. पोर विचारत होतं काय, ते राहून गेलं.

फोन घेऊन दिगंबर गेला सादिकच्या दुकानात. सादिक गावातला मोबाईलवाला, दिगंबरच्या वर्गातला. त्यानं बघितलं आणि सांगितलं, "ही खासगी खिडकी. इथं काय बघितलं त्याची नोंद फोनमध्ये मागं राहत नाही."

"म्हणजे चोरवाट."

"चोरवाटच असं नाही रे. काही गोष्टी माणूस—"

"बंद कर."

सादिकनं बंद केली. फोन लहान मुलांसाठीच्या खात्यावर घातला, ते खातं बापाच्या फोनला जोडलं. टोपी गेली, चष्मा गेला. पोरगी जे उघडेल त्याचा माग बापाला दिसणार. मग सादिक म्हणाला, "दिगू, तुझ्या फोनचं काय? त्याला साधं कुलूपसुद्धा नाही."

दिगंबर काय म्हणाला? म्हणाला, "माझ्या फोनला कशाला? तो देवाजवळ असतो."

घरी येऊन त्यानं लेकीला समोर बसवलं. "झाकून बघायची गोष्ट चांगली असूच शकत नाही. चांगलं ते उघड्यावर करावं."

गिरिजा म्हणाली, "मग नैवेद्याला पडदा का लावता?"

"देव आणि तू एक काय?"

प्रश्न तिथं मिटला. मिटला म्हणजे काय, बापाचा आवाज मोठा होता.

आता दिगंबरला ठाऊक नव्हतं ते तुम्हाला सांगून ठेवतो, म्हणजे तुम्ही तरी त्याच्यासारखे खुशीत राहणार नाही. पोरगी रांगोळीवाल्या मुलींच्या एका ग्रुपवर होती. तिथं तिला एक मैत्रीण मिळाली. ऋतुजा नाव, आठवीतच शिकते म्हणे. ती रांगोळ्या पाठवायची, ही पाठवायची. एकदा हिनं रांगोळीशेजारी बसून काढलेला स्वतःचा फोटो पाठवला. आणि ऋतुजा ऋतुजा नव्हतीच. कुठला तरी बाप्या माणूस. त्यानं हिच्या चेहऱ्याला भलतंच चित्र जोडलं आणि हिलाच पाठवलं. खाली लिहिलं, 'आणखी फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या गावाच्या ग्रुपवर टाकतो.'

टोपीच्या खिडकीत ती हेच शोधत होती. असं झालं तर काय करायचं? आणि ती खिडकी बापानं बंद केली. आता काही विचारलं तर बापाला दिसणार. बाप काय म्हणणार, तेही तिला ठाऊक. चांगलं ते उघड्यावर करावं.

मग पोरीनं काय केलं? पोरगी देवभक्त झाली.

हसू नका. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आबा, शाळेला सुट्टीच आहे. नैवेद्य मी दाखवते. तुम्ही बाहेर उभे राहा." गुरवाच्या घरातली लेक, गाभाऱ्यात जायला तिला कोण अडवणार? ताट घेऊन आत गेली. पडदा ओढला. दिगंबरनं हाळी दिली, गावानं पाठ फिरवली, स्तोत्र सुरू झालं. आणि आत कोनाड्यात कोण? बापाचा फोन. ना कुलूप, ना पहारा. टोपी जागेवर, चष्मा जागेवर. स्तोत्र वाजत राहायचं आणि पोरगी उभ्या उभ्या वाचत राहायची.

बापानं लेकीच्या फोनची खिडकी बंद केली होती, आणि आपल्या हातानं तिला गाभाऱ्यात नेऊन सोडलं होतं. वर पहाऱ्याला स्वतः उभा. पाठ करून.

देवाचं जेवण लांबायला लागलं. पूर्वी एका स्तोत्रात उरकायचं, आता दोन दोन व्हायला लागली. मंडपातल्या यसाबाई म्हणाल्या, "थंडीचे दिवस आहेत, भूक लागतेच." दुसरं कुणी म्हणालं, पोरीच्या हाताला चव असेल. दिगंबरची छाती फुगली. चार माणसांत सांगायला लागला, "टोपी काढली आणि पोरगी देवाला लागली. फोनचंच सगळं होतं बघा." लोक आपापल्या पोरांचे फोन घेऊन सादिककडे जायला लागले. सादिकचा धंदा बरा झाला.

फक्त सुमन एकदा म्हणाली, "देवाचं जेवण वाढलं, पण पोरीचं कमी झालंय. अर्धी भाकरी टाकून उठते."

"उपास करत असेल," दिगंबर म्हणाला.

रोज संध्याकाळी तो पोरीच्या फोनचा माग बघायचा. काय दिसायचं? विज्ञानाचा धडा. मोराची रांगोळी. परत विज्ञानाचा धडा. स्वच्छ. ते बघून त्याला शांत झोप लागायची. मंडळी, तुम्हालाही लागत असेल.

आणि एका दुपारी नैवेद्य आत गेला. हाळी झाली. स्तोत्र सुरू झालं. यसाबाई, त्यांच्या शेजारी सगुणा आत्या, आणखी दोघं-तिघं पाठ करून उभे. आत पोरीनं वाचता वाचता कुठं बोट लावलं कोण जाणे, स्तोत्र थांबलं आणि खांबावरच्या स्पीकरमधून एक बाई बोलायला लागली.

"नमस्कार. तुमचा फोटो दाखवून कुणी धमकी देत असेल तर घाबरू नका. त्याला उत्तर देऊ नका. आणखी फोटो पाठवू नका. आलेले मेसेज पुसू नका. आणि घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला आजच सांगा."

यसाबाईंनी हात जोडले. त्यांना ऐकू कमी येतं. म्हणाल्या, "आज नवीन स्तोत्र दिसतंय."

दिगंबर उंबऱ्याशी उभा. त्याला सगळं ऐकू आलं. फोटो कुणाचा, धमकी कुणाला, आत कोण आहे, सगळं एका दमात त्याच्या डोक्यात शिरलं. आणि विश्वासाचं मोठं माणूस? ते तर इथंच उभं होतं, पडद्यापासून हातभर अंतरावर. आणि पोरगी ते स्पीकरला विचारत होती.

माणूस सरळ खरा, पण त्या वेळेला वळला. मोठ्यानं म्हणाला, "जाहिरात लागली. मधेच लागते." सगळ्यांनी माना डोलावल्या. जाहिरात मधेच लागते हे आता कुणाला सांगावं लागत नाही. त्यानं जाऊन स्पीकर बंद केला. सगुणा आत्याला मात्र चांगलं ऐकू येतं. तिनं यसाबाईंचा दंड धरला, बाकीच्यांना डोळ्यानं खुणावलं आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पारावर जाऊन बसली. अशी एक आत्या प्रत्येक गावात असावी.

मंडप मोकळा झाला. दिगंबरनं पडद्याची कड मुठीत धरली. काय आलं असेल त्याला? राग. बापाला आधी रागच येतो, काळजी त्याच्या मागून चालत येते. एक हिसका दिला असता तर पडदा बाजूला, पोरगी समोर, आणि पुढं काय झालं असतं ते तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या काहींच्या घरी झालेलं आहे.

पण घंटा वाजवली नव्हती. त्या हातानं जन्मभर घंटेशिवाय पडदा सारला नव्हता. हात थांबला. अक्कल नंतर आली, आधी सवय आली. असू द्या, सवयीनंही लेकरू वाचतं.

दिगंबर उंबऱ्यावर खाली बसला. पडद्याकडं पाठ करून.

"गिरजे."

आत ताटाला काहीतरी लागून वाजलं.

"मी आत येत नाही. घंटा वाजवत नाही, म्हणजे येणार नाही. बाहेर बसलोय. तोंड तिकडं आहे माझं. काय झालंय ते सांग."

मग आतून आवाज आला, "देव जेवतोय ना आबा?"

"जेवू दे. त्याला घाई नाही."

आणि पोरगी बोलली. पडद्याआडून सगळं बोलली. ऋतुजा, रांगोळी, फोटो, धमकी. समोर बाप दिसत असता तर तिच्या तोंडून शब्द फुटला नसता. मध्ये कापड होतं म्हणून फुटला. शेवटी म्हणाली, "मी त्या दिवशीच विचारणार होते. एक विचारू, म्हटलंही होतं. तुम्ही म्हणालात, आधी फोन दे."

दिगंबर रडला. रिकाम्या मंडपाकडं तोंड करून रडला.

"आबा, तुम्ही रडताय?"

"नाही."

"आवाज येतोय."

"स्पीकर बिघडलाय."

मग तो म्हणाला, "चूक तुझी नाही. फोटो पाठवला ते भोळेपणानं पाठवलास. पाप त्याचं आहे. आणि तुझं ऐकून घेतलं नाही, ती चूक माझी." डोळे पुसून म्हणाला, "आता घंटा वाजवू का?"

"वाजवा."

घंटा वाजली. पडदा सरला. त्या दिवशी नैवेद्याचं ताट बाप-लेकीनं तिथंच बसून खाल्लं. सगळी भाकरी संपली.

दुसऱ्या दिवशी आई-बाप आणि लेक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या बाई अधिकाऱ्यानं नीट ऐकून घेतलं, तक्रार लिहून घेतली, त्या माणसाचं खातं बंद करवलं. माणूस सापडला का? मंडळी, पुराणात राक्षस शेवटच्या अध्यायात मरतो. इथं खातं बंद झालं. राक्षस दुसरं खातं काढतो. फोटो त्याच्याकडं होताच. आणि सोनवडीच्या ग्रुपमध्ये शिरायला काय लागतं? सरपंचांनी ग्रुपची लिंक यात्रेच्या बॅनरवर छापलेली. येणाऱ्या-जाणाऱ्यानं शिरावं.

म्हणजे भीती होतीच. आज येईल, उद्या येईल. पोरगी शाळेत जाईना. सगळ्या गावानं बघितलं तर मी कुणाला तोंड दाखवू, म्हणाली. दिगंबरनं दोन रात्री विचार केला आणि तिला विचारलं, "मी गावाला आधीच सांगू का? तू नको म्हणालीस तर नाही सांगणार."

पोरीनं विचार केला. म्हणाली, "सांगा. पण मी पडद्याआड असताना."

पौर्णिमेला मंडप भरलेला. नैवेद्य घेऊन गिरिजा आत गेली, पडदा ओढला. दिगंबर उंबऱ्यावर उभा राहिला. हाळी दिली नाही. म्हणाला, "आज नाथाच्या आधी माझं ऐका. कुणीतरी माझ्या लेकीच्या फोटोला घाण जोडलीय. आज-उद्या आपल्या ग्रुपवर टाकेल. तो फोटो खोटा आहे. पण समजा खरा असता, तरी माझं मागणं हेच राहिलं असतं. इतकी वर्षं नाथ जेवताना तुम्ही पाठ फिरवता. माझ्या लेकीसाठी एकदा फिरवा."

यसाबाईंनी सगुणा आत्याला विचारलं, "काय म्हणाला?" आत्यानं त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. यसाबाई देवाकडं पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागून एकेक करत सगळा मंडप वळला. मग दिगंबरनं हाळी दिली.

फोटो आला. यायचाच होता. सकाळी दूध घालायला डेअरीवर माणसं रांगेत उभी, आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले. परका नंबर. हात खिशात गेले. खोटं कशाला बोलू, गेले. माणसं आहेत, बघावंसं वाटतं. तेवढ्यात रांगेतून कुणीतरी म्हणालं, फार मोठ्यानं नाही, "नाथ जेवतोय."

आणि मंडळी, फोन खिशात परत गेले. ग्रुप सांभाळणाऱ्या मास्तरांनी तो नंबर पोलिसांसाठी टिपून घेतला, फोटो काढून टाकला आणि नंबर हाकलला. दूध मोजणं चालूच राहिलं. कुणी म्हणालं, आज फॅट कमी लागलंय. त्याच सकाळी गिरिजा डेअरीवरून शाळेला गेली. कुणी तिच्याकडं टक लावून बघितलं नाही, आणि कुणी बघायचं टाळलंही नाही. एकानं विचारलं, "गिरजे, आज नैवेद्याला काय?" ती म्हणाली, "गवारीची भाजी." बस. एवढंच.

आता घरातलं सांगतो. ती टोपीची खिडकी गिरिजाच्या फोनवर बंदच राहिली. पोरगी आठवीत आहे, ती बंदच पाहिजे. पण दिगंबर सादिककडं जाऊन म्हणाला, "माझ्या फोनला पण कुलूप लाव." आणि रोज जेवण झाल्यावर थोडा वेळ पोरीचा. दार लोटलेलं, बाप बाहेर ओसरीवर बसलेला. आत जायचं असलं की हा देवघरातली घंटी आणून दाराशी वाजवतो. गिरिजा आतून म्हणते, "आबा, नुसतं दार वाजवलं तरी चालेल." तो म्हणतो, "मला हेच येतं." माग बघायचा तर दोघं शेजारी बसून बघतात. आणि ती 'आबा, एक विचारू' म्हणाली की हा हातातलं काम खाली ठेवतो.

तर पुढच्या रांगेतले चौघे, आहात ना? प्रश्न परत विचारतो. माणूस झाकून करतो ती गोष्ट वाईटच का? आता माना हलत नाहीत. बरं आहे.

मी तुम्हाला खिडकी उघडी ठेवा म्हणून सांगायला आलो नाही. बंद करा. आज घरी गेल्यावर करा, येत नसेल तर मोबाईलवाल्याकडून करून घ्या. पण बंद करून तुम्ही जाता कुठं? टीव्हीसमोर. आपल्या स्वतःच्या फोनमध्ये. पोराचा माग स्वच्छ दिसला की घोरायला लागता. लेकरू पडद्याआड कुणाला काय विचारतंय, हे ऐकायला उंबऱ्यावर आहे का कुणी? आणि उद्या दुसऱ्याच्या लेकीचा फोटो तुमच्या ग्रुपवर आला, तर तुमचा हात खिशातून परत येईल का? याचं उत्तर मला नको. आपल्या आपण द्या.

चला, बोलणं लांबलं. या देवळातही नैवेद्याची वेळ झाली, गुरव केव्हाचे ताट घेऊन उभे आहेत. ओढा हो पडदा. टाळ खाली ठेवा. मंडळी, देव जेवतोय. पाठ फिरवा, आणि उंबरा सोडू नका.